तिचे दोन छापे

परवा दुकानात नाणं फरशीवर खणकन पडलं आणि आरमोरीचा माझा वर्ग आठवला. खिडकीतून धानाच्या तणसाचा, वाळल्या पेंढ्याचा वास येत होता. मी मुलांना दहादा नाणं उडवून छापे मोजायला सांगितले होते. सरासरी पाच, हे ठाऊक असल्यानं साऱ्यांनी नाणं न उडवताच पाच लिहिले. एकीचे मात्र दोन. शेजारीण कुजबुजली, "पाच कर, नाई तं मॅडम रागावतीन." ती रडवेली होऊन म्हणाली, "माहे दोनच आले. खोडू काऊन?" मग मी सगळ्यांना समोर नाणी उडवायला लावली. तीन, सात, चार, आठ... आकडे दूरवर विखुरले, तरी वर्गाची सरासरी पाचाजवळच आली. शेजारणीनं गुपचूप आपले पाच खोडले. ती दोनवाली माझी विद्यार्थिनी, हे सांगताना आजही माझी मान ताठ होते.