हलकी काडतुसे

१२ जानेवारी २०२४, सकाळी साडेसात. हुरड्यात आलेल्या ज्वारीवर पाखरांचा थवा उतरला होता. पीकरक्षणासाठी परवाना असलेल्या माझ्या बारा बोअरच्या बंदुकीचा धक्का आता खांद्याला सोसवत नव्हता. बंदूक ठाण्यात जमा करावी लागणार, असे मी पत्नीला सांगितले.

ती म्हणाली, “पाखरं तर आवाजानंच उडतात. मंग डुकरावरची जड काडतुसं काहून भरून राहिले तुमी? खांदा काय भाड्याचा हाय?”

मी दुपारी नांदेडहून कमी दारूची, बारीक छर्‍यांची काडतुसे आणली. संध्याकाळी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, आभाळात एक बार काढला. थवा उठला आणि खांदा शाबूत राहिला. बंदूक घरीच राहणार होती. नळी पुसून तिला तेल लावले.