डाव्या अंगाची बंदूक

थंडीतल्या सकाळी सोनगीरजवळच्या उघड्या माळावर नुकत्याच उडालेल्या काडतुसाचा कोमट, उग्र वास रेंगाळत असतो, आणि शेजारच्या फुललेल्या तुरीचा गंध त्यात मिसळला की माझं मन कृतज्ञतेने भरून येतं. केशरी रंगाची मातीची तबकडी यंत्रातून सुटते, निळ्या आभाळात क्षणभर तरंगते, आणि छर्रे लागताच तिची चिमूटभर धूळ होऊन जाते! ना कुणाचा जीव जातो, ना रक्ताचा थेंब सांडतो. असा निष्पाप नेम चाळिशी उलटल्यावर माझ्या वाट्याला यावा, हे भाग्यच नव्हे का?

मी जळगावला महाविद्यालयात भूगोल शिकवते. दोन वर्षांपूर्वी विद्यार्थिनींना हा खेळ दाखवायला इथे आणलं. मुली बघून परत गेल्या आणि बाई अडकल्या. पहिलं वर्षभर इथल्या नेमबाजी क्लबच्या बंदुकीने मी निव्वळ आभाळाला भोकं पाडली. छर्रे दरवेळी तबकडीच्या डावीकडून निघून जात. शेवटी आमचे शिकवणारे नाना, सैन्यातून निवृत्त झालेले एरंडोलचे गृहस्थ, यांनी मला दोन्ही हातांचं कडं करून त्यातून समोरच्या सोनगीर किल्ल्याचा बुरूज बघायला लावला आणि एकेक डोळा मिटायला सांगितलं. उजवा मिटला तर बुरूज जागच्या जागी. डावा मिटला की गायब. नाना हसले. म्हणाले, "मॅडम, तुमचा डावा डोळा राजा आहे, अन् तुम्ही प्रधानाला गादीवर बसवलंय. बंदूक डाव्या खांद्याला लावा."

डाव्या! खरं सांगते, तो शब्द ऐकून मी चाळिशी उलटलेली बाई दचकले. कारण मी जन्माने डावखुरी. लहानपणी ताटाकडे माझा डावा हात जाई, आणि आबा, माझे वडील, जुन्या उपरण्याची मऊ पट्टी घेऊन तो माझ्या कमरेशी बांधत. कधी मारलं नाही, कधी ओरडले नाहीत. उलट गाठ बोचू नये म्हणून खाली बोट घालून बघत. डाव्या हाताच्या मुलीला उद्या लोक नावं ठेवतील, एवढीच त्यांची धास्ती. त्या मायेचा राग तरी कसा करावा? हात उजवा झाला, अक्षर मोत्यासारखं झालं, आणि मी उपकार मानून गप्प राहिले. मात्र डाव्या हाताने काहीही करताना चोरी केल्यासारखं वाटायचं, ते तोवर गेलं नव्हतं.

नानांच्या सांगण्यावरून मी गुपचूप डाव्या खांद्यावरून खेळू लागले. तबकड्या फुटू लागल्या, पण क्लबच्या बंदुकीने गाल सोलवटून निघे. यथावकाश परवाना आला आणि स्वतःची पहिली बंदूक निवडायची वेळ आली. या खेळाच्या बंदुकीच्या दोन नळ्या शेजारी-शेजारी नसतात, एकीवर एक असतात, म्हणजे डोळ्यासमोर एकच सरळ रेषा राहते. आमच्या घरात बैल असो की ट्रॅक्टर, मोठी वस्तू थोरल्यांना सोबत नेल्याशिवाय घेत नाहीत. त्यामुळे धुळ्याच्या दुकानात नानांबरोबर पंच्याहत्तरीचे आबाही आले. मी डाव्या हाताने खेळते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. सांगायचं धाडस होत नव्हतं.

दुकानदाराने दोन बंदुका पुढे ठेवल्या. एकीच्या पोलादावर वेलबुट्टी आणि उडते पक्षी कोरलेले, खांद्याला टेकणारा आक्रोडाचा दस्ता आरशासारखा लखलखीत. दुसरी साधी, काळी. कुणा डावखुऱ्या खेळाडूने वापरून विकलेली. आबांचे डोळे पहिलीवर खिळले. "हाई देखनी शे," ते आपल्या अहिराणीत म्हणाले. नानांनी माझ्याकडे पाहिलं; मी नजर चुकवली. आबांना आवडलीय, तर हीच घ्यावी, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं. तरी नानांनी शिकवलेली चाचणी म्हणून, डोळे मिटून, सवयीने ती डाव्या खांद्याला लावली; डोळे उघडल्यावर मान न वाकवता नजर थेट नळीच्या रेषेत आली, तर बंदूक आपल्या अंगाची.

आबा चार पावलं मागे सरकून बघत होते. बैलबाजारात ते असेच बघतात. बैल चालवून दाखवल्याशिवाय दाव्याला हात लावत नाहीत.

"मान कसाले वाकडी करी ऱ्हायनी, माय?" त्यांनी विचारलं. मग दुकानदाराकडे वळून, "हाई कोनता अंगनी शे?"

"आबा, ही उजव्या अंगाची. दस्ता किंचित उजवीकडे वळवलेला असतो. ताई डावीकडे लावतायत, म्हणून गाल दाबला जातो. ती काळी डाव्या अंगाची आहे."

आबा बराच वेळ माझ्या डाव्या हाताकडे बघत राहिले. उभा जन्म त्यांनी बैलजोड्या पारखल्या. कुठला बैल डावीकडे जुंपायचा, कुठला उजवीकडे, हे पंचक्रोशीतले लोक त्यांना विचारायला येत.

"डावा अंगना बैल उजवीकडे जुपा," ते हळूच म्हणाले, "ते तो काम करस, पन मान वाकडी करस." मग माझ्याकडे न बघताच पुढे म्हणाले, "बैलनं माले समजनं, माय. तुन्हं समजनं नही."

आबांनी मला अन्न दिलं, शिक्षण दिलं, मोत्यासारखं अक्षर दिलं. त्या सगळ्याची मी ऋणी होतेच. पण एखाद्या बापाने पंच्याहत्तराव्या वर्षी, परक्या माणसांसमोर, आपल्या लेकीला एवढं द्यावं! डोळे इतके भरले होते की ते मिटणं सोपं गेलं. आबांनी स्वतः उचलून हातात दिलेली साधी, काळी बंदूक मी डाव्या खांद्याला लावली आणि डोळे उघडले. मान सरळ होती.