गुडघाभर पाणी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. माझ्या बालमित्राजवळ, मिलिंदजवळ तर नाहीच — आणि खरं म्हणजे फक्त त्याच्याजवळच बोलायला हवं होतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही त्याला ओळखत नाही.

मिलिंदची आई, म्हणजे आमच्या काकू, गेल्या महिन्यात गेल्या. तेव्हापासून मला सारखा एकच दिवस आठवतो, आणि तो हसरा आहे — त्याला मी काय करू?

बारा वर्षं झाली. जानेवारीतला शनिवार होता. मलकपेठला चहा पिता पिता आमच्यातला तिसरा दोस्त, इम्रान म्हणाला, "समंदर देख के आते क्या?" त्याच्या मामूची गाडी दोन दिवस नुसतीच उभी होती. मी कपड्यांचं विचारलं. "समंदर में कपडे कौन देखता, मास्तर?" माझ्या पिशवीत कायम पुस्तक असायचं, म्हणून मी मास्तर. अर्ध्या तासात आम्ही अंबरपेठेत मिलिंदच्या दारापुढे हॉर्न वाजवत होतो. बापटल्याच्या समुद्रावर निघालेले!

काकूंनी कपाळाला हात लावला, हसल्या, "पाच मिनिटं थांबा रे" म्हणून आत गेल्या. पाचाची वीस झाली. मग एक जड डबा आला.

वाटेत गुंटूरला आम्ही असं तिखट जेवलो की डब्याची आठवणच राहिली नाही. तो उघडला थेट वाळूत बसून, संध्याकाळी. तोवर बरंच काही होऊन गेलं होतं. मी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला होता. चारचौघांत दहा वाक्यं न बोलणारा मी, लाटेला चक्क ओरडून हाक मारली होती. आणि एका नाववाल्याने उद्या सकाळी आत फिरवून आणायचं कबूल केलं होतं. मी इतका आनंदात यापूर्वी कधी होतो? आठवत नाही. नंतरही फारसा नाही.

दशम्यांवर घडी घातलेला कागद होता. मिलिंदने तो उलटसुलट करून पाहिला. घरी तो फर्डं मराठी बोलतो, पण शाळा इंग्रजी, सोबत तेलुगू. मराठी छापलेलं असलं तर अक्षर अक्षर जोडत जातो, आणि काकूंचं भरभर लिहिलेलं तर त्याला मुळीच लागायचं नाही. काकूंनी प्रयत्न केले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हा दोघांना पाट्या देऊन बसवायच्या. तिसऱ्या अक्षराला मिलिंद क्रिकेटला पळायचा. मी बसून राहायचो. माझं सगळं वाचन तिथून आलं — त्यांच्याकडून.

"वाच, मास्तर," म्हणत मिलिंदने कागद माझ्या हातात दिला. सूर्य पाठीमागे मावळत होता, पण उजेड भरपूर होता. दिसलं नाही असंही मला म्हणता येत नाही.

मी वाचलं, "दशम्या आधी संपवा. गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका. सुखरूप या."

इम्रान म्हणाला, "अम्मी लोगां सब एकीच इस्कूल के."

रविवारी मिलिंदने आईचा शब्द अक्षरशः पाळला. नावेकडे जाताना पाणी गुडघ्याला लागलं, तसा तो पॅन्ट दुमडून तिथेच उभा राहिला. शेवटी इम्रानने त्याला पाठीवर घेतला. निम्म्या वाटेत दोघेही आडवे झाले. नाववाला हसून हसून वल्ह्यावर ओणवा झाला. मी — मीही हसलो. पोटभर.

संध्याकाळी परतलो, तर काकूंच्या अंगावर ठेवणीतली साडी. ताटात पुरणपोळ्या, गार झालेल्या. आज कोणता सण, असं मिलिंदने विचारलं. असंच, म्हणाल्या. मग तो मोठ्या ऐटीत म्हणाला, "आई, तू लिहिलंस तसं केलं बघ. माझ्या पायांनी गुडघ्याच्या वर गेलोच नाही."

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. किती वेळ? एखादा क्षण असेल.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या, आणि मला आणखी एक पोळी वाढली.

चिठ्ठीत काय होतं? समुद्र, गुडघे, दशम्या — यांतला एक शब्दही नव्हता. लिहिलं होतं: उद्या मला साठ पूर्ण होतात. कागदोपत्री एक जून आहे, ती शाळेत गुरुजींनी टाकलेली. खरी तारीख उद्याची, माझ्या आईने सांगितलेली. वाढदिवस कधी केला नाही, उद्या करावासा वाटतो. पुरण घालते. दुपारपर्यंत तिघेही या. तोंडाने सांगायची लाज वाटली.

दुपारपर्यंत पोचायचं म्हणजे पहाटे निघायला हवं होतं. नावेची सैर हुकली असती. इतकंच. याहून मोठं कारण मी खूप शोधलं, सापडलं नाही.

पुढे दर जानेवारीत त्या तारखेला मी पेढे घेऊन जायचो, काहीबाही निमित्त सांगून. काकू चहा करायच्या. एकदाही विषय काढला नाही. त्यांनीही नाही, मीही नाही.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, पाहुणे पांगल्यावर, मिलिंदने पाकिटातून ती चिठ्ठी काढली. लॅमिनेट केलेली. तिच्या हातचं एवढंच राहिलंय, म्हणाला, वाच ना एकदा. मी वाचलं. तीच तीन वाक्यं, त्याच क्रमाने. तो हसता हसता रडला. मग सांगितलं, येत्या एक जूनला आईच्या वाढदिवसाचं जेवण घालायचंय, तू आणि इम्रान पहिल्या पंगतीला. मी हो म्हणालो.

मग त्याने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे तुझं नाव आहे ना, 'सुहास'? एवढं लागतं मला. पुढे काय लिहिलंय?"

"सुहास, तूही जप," मी म्हणालो.

तिथे लिहिलं होतं — सुहास, त्याला वाचून दाखवशील ना?