गोलकीपर बाहेर

बजाजनगरच्या सलूनमध्ये मी नंबराची वाट बघत होतो. टीव्हीवर हॉकीचा सामना लागला होता. आपला संघ आणि समोर कुठल्याशा बेटावरचा चिमुकला देश. अकरा-शून्य! प्रत्येक गोलला आम्ही टाळ्या पिटत होतो. खुर्चीवरचा साठीचा माणूस तेवढा गप्प होता. त्याचा एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस होता.

तीन मिनिटं उरली आणि त्या बेटवाल्यांनी गोलकीपरच बाहेर काढला. त्याच्या जागी एक जादा खेळाडू हल्ल्याला धाडला.

"येडे झाले का? अजून खायचेत वाटतं," मी म्हणालो. सगळे हसले.

तो माणूस गळ्यातल्या कापडासकट उभा राहिला.

"काका, बसा, वस्तरा लागंल," न्हावी ओरडला.

"नाय बसत." मग तो माझ्याकडं वळला. "कंपनीच्या हॉकी टीममधी गोलकीपर होतो मी. फायनलला एका गोलानं मागं होतो. म्हणलं, मला काढा, जादा माणूस पुढं घाला. कॅप्टन म्हणला, अजून गोल बसले तर इज्जत जाईल. इज्जत राखून हरलो आम्ही."

बारावा गोल रिकाम्या जाळीत गेला. कुणी टाळी वाजवली नाही. बेटावरच्या एका पोरानं जाळीतला बॉल उचलला आणि पुन्हा खेळ सुरू करायला मैदानाच्या मध्याकडं पळत सुटला.

"बघ, पळतोय," तो म्हणाला.

शेवटची शिट्टी वाजेपर्यंत तो उभाच होता. गालावरचा फेस पार वाळला होता.

"लाव पुन्हा," तो न्हाव्याला म्हणाला आणि मग बसला.