शिरेतोकोच्या धुक्यात बाबा आणि अस्वल

बाबा जपानला आले आणि आठवडाभरात कोतोमधल्या आमच्या फ्लॅटला कंटाळले. मेळघाटात तीस वर्षं रेंजर म्हणून काढलेला माणूस. "एखादं जंगल दाखव," म्हणाले. म्हणून सप्टेंबरअखेर आम्ही दोघं होक्काइदोच्या शिरेतोको राष्ट्रीय उद्यानात गेलो.

हानेदाहून मेमानबेत्सूपर्यंत विमान, पुढे दोनेक तास कार. बस फार कमी, तेव्हा कार भाड्याने घ्याच. शाकाहारी असाल तर वाटेतल्या कोन्बिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, आंबट प्लम भरलेले भाताचे गोळे, ओनिगिरी, घ्या, पण जंगलात नेऊ नका. अस्वलांना वास लागतो.

उद्यान सरकारचं असलं तरी ही भूमी मुळात आइनू लोकांची. आमच्या गाइड कायो-सान त्यांच्यातल्याच, साठीच्या. त्यांनी आमच्या पिशव्या तपासल्या आणि बजावलं, "अस्वल दिसलं तर पळायचं नाही."

"मला शिकवतायत," बाबा मराठीत पुटपुटले.

चालायला लागल्यावर तासाभराने धुकं उतरलं. कायो-साननी अचानक हात वर केला. वीसेक पावलांवर अस्वलीण, मागे पिल्लू.

"ओरडून हाकलायला हवं," म्हणत बाबांनी काठी उचलली. मी त्यांचं मनगट धरलं. "बाबा, हलू नका!" 

कायो-सान हळू, एकसुरात आइनू भाषेत अस्वलिणीशी बोलू लागल्या आणि एकेक पाऊल मागे सरकू लागल्या. आम्हीही सरकलो. माझा पाय झाडाच्या मुळात अडकला, तशी ती मागच्या पायांवर उभी राहिली. कायो-सानचा आवाज जराही बदलला नाही. अस्वलिणीने हवा हुंगली, पुन्हा चार पायांवर आली आणि पिल्लाला घेऊन गवतात शिरली.

आम्ही पार्किंगमध्ये पोचलो.

"काय सांगितलंत तिला?" बाबांनी विचारलं. मी दुभाषी.

"आम्ही तुझ्या वाटेत आलो, परत जातो, एवढंच. तुम्ही रेंजर होतात ना, तुमच्या जंगलात माणसं राहायची?"

"कोरकू आदिवासी राहायचे. वाघांसाठी एक गाव आम्ही हलवलं. घरांची यादी मीच केली."

"ते येतात परत?"

"वर्षातून एकदा, देवाच्या पूजेला. मी त्यांच्याकडे जंगलात शिरायचा पास मागायचो."

हे जपानीत सांगताना मी अडखळले. "सांग त्यांना," बाबा म्हणाले.  ऐकून कायो-साननी थर्मासमधला चहा बाबांपुढे धरला.

घरी येऊन पाहिलं तर फोटोंत नुसतं धुकं. पण रविवारी नाश्ता अर्धा टाकून बाबांनी जुन्या वनरक्षकाकडून त्या गावच्या पुजाऱ्याचा नंबर मिळवला. फोन स्पीकरवर होता.

"मी जोशीसाहेब... नाही, जोशी बोलतोय. यंदा पूजेला यावं म्हणतो. येऊ का?"

 बाबा टेबलाची कड घट्ट धरून बसले होते.

"एकटेच येणार," म्हातारा आवाज आला, "की घरच्यांना घेऊन?"