तिसऱ्या खात्यावरची वेनिंग

सोलो शहरातील हिजाबांच्या एका दुकानात वेनिंग गेली चार वर्षे माणसांना थोरले म्हणण्याचे काम करीत आहे. त्या नोकरीचे याहून प्रामाणिक वर्णन करता येणार नाही. सकाळी आठपासून ती फोनवर गिऱ्हाइकांच्या संदेशांना उत्तरे लिहिते आणि प्रत्येक उत्तरात 'काक', म्हणजे थोरले भावंड, हा शब्द असलाच पाहिजे, असा दुकानाचा दंडक आहे. पडद्याआड वय दिसत नाही. म्हणून सोळा वर्षांची पोरही थोरली, साठीचा आजोबाही थोरला, आणि वेनिंग साऱ्या जगाची धाकटी. तिला मात्र कोणी नावाने पुकारत नाही. दुकानाचे खाते सांभाळणारी ती नुसती 'मिन', म्हणजे 'ॲडमिन'चे शेपूट.

"मिन, झोपलीस काय गं? गुलाबी आहे की नाही?"

"आहे, काक. ताटकळत ठेवलं, माफ करा, काक."

तिच्या फोनवर तीन खाती होती. एक दुकानाचे. दुसरे तिच्या नावाचे. मावशी आणि जुने शिक्षक पाहतात म्हणून तिथे पाच छायाचित्रे, पाचांतही हसू. तिसऱ्याला कुलूप. त्याचे नाव 'उरलेला भात', आणि आत माणसे तेवीस. अशा खात्यात कोणी आपणहून येत नाही. माजघरात घ्यावे तसे पारखून घेतले जाते. तिथे ती राजधानीतल्या पोरांसारखी अरे-तुरे करी, चिडे, शिव्या देई. दिवसभरात ती स्वतःला भेटे ती तेवढीच.

एका गुरुवारी संध्याकाळी थकल्या बोटांनी तिने लिहिले : 'आज दोनशे बारा जणांना काक म्हटलं. घरात मी एकुलती एक. मरा तिकडे सगळे!'

अकराव्या मिनिटाला तिवीचा फोन आला. तेविसांतली ही सर्वांत जुनी मैत्रीण.

"अगं बये, खातं बघ! दुकानाच्या दारातच थुंकलीस की!"

वेनिंगने मजकूर पुसला; पण जगाने तोवर त्याची चित्रे काढून ठेवली होती.

सकाळी मालकीण हेर्तांतीबाईंनी बोलावले. वेनिंग राजीनामा लिहूनच गेली होती.

"तो कागद ठेव आत," बाई म्हणाल्या. "चार हजार जणांनी पुढे पाठवलंय. पोरी म्हणतात, ही मिन आमच्यासारखीच आहे. आता रोज पाचला असं एक लिहायचं."

"बाई, तो राग होता हो."

"मग तोच हवाय मला. फक्त 'मरा' नको, 'जा तिकडे' चालेल. आणि सुरुवातीला काक घाल."

नोकरी वाचली. वाचलेल्या गोष्टीबद्दल तक्रार करण्याची आपल्याकडे रीत नाही, म्हणून तिनेही केली नाही. तेव्हापासून ती रोज पाचला, मोजून तीन ओळी, चिडते. हेर्तांतीबाई त्या तपासून देतात. गिऱ्हाइके हसतात.

'उरलेला भात' महिनाभर रिकामा राहिला. अखेर तिवीने तिथे लिहिले : 'ए भवाने, जिवंत आहेस ना? एक शिवी तरी घाल.'

वेनिंगने बराच वेळ शिवी शोधली. कामाच्या होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या दिवसभरात दुकानाला देऊन झाल्या होत्या. शेवटी बोटांनीच उत्तर दिले : 'ताटकळत ठेवलं, माफ करा, काक.'

तिवी पोट धरधरून हसली. तिला वाटले, वेनिंग परत आली.