धुळादाच्या खांबाची पानं

धुळादा आटपाडीकडचा मेंढपाळ. बाहत्तरच्या दुष्काळात मेंढरं मेली, तवा बायकोला, हरणाबाईला घिऊन खडी फोडाय गेला. तितं एका पाथरवटानं त्येला टाकी मारायला शिकवलं. मी सातवीतनं शाळा सोडून तितंच खडीच्या पाट्या टाकत हुतो. धुळादाला कुणी वाकडं बोललं तर अजून अंगावर जातो मी.

फुडच्या साली पाचगणीच्या एका बोर्डिंगात आमाला काम घावलं. व्हरांड्यातल्या खांबाचं डोकं तडकल्यालं, शेजारच्या खांबावर बघून नवं घडवायचं. जमलं तर कायमचं काम आन मागची खोली. हरणाबाई पोटुशी. तिला खडीवरनं उठवायची म्हून धुळादा जीव खाऊन टाकी मारायचा.

बोर्डिंगातले लोबो सर पोरांना इंग्रजीत झाडपाला शिकवायचे, फूल घिऊन खांबापाशीच. काय सांगताय, आसं धुळादानं इचारलं तवा मराठीत सांगितलं, "फुलाचं बूड टोरस, खांबाच्या बुडाची गोल कडही टोरस. फुलाचा दांडा स्केप, खांबाचा दांडाही स्केप. जुन्या लॅटिन भाषेतली नावं, दोघांना एकच."

धुळादा खूश. "बघ गड्या, खांब म्हंजी झाडच हाय."

"मग बुडाला पानी घाल की!" मी म्हनलं.

लय हसला.

शेजारच्या जुन्या खांबाच्या डोक्यावर कोरल्याली पानं शेंड्याला खाली लवल्याली. धुळादा म्हनला, करनाऱ्यानं दुष्काळातली पानं बघितली आसतील. त्येनं समदी ताठ, तरारल्याली काढली. काम झालं म्हून हरणाबाईला निरोप धाडला, ये.

मग सरांनी बघितलं. "अरे, पानं खाली वळलेली हवीत! हे काय केलंस?"

"आवं सर, तशी पानं झाड मराय लागल्यावर हुत्यात. मी न्हाई करनार तसलं."

"खांब झाड नाही, धुळा."

"नावं एकच, आसं तुमीच सांगितलं न्हवं?" मी मधी पडलो. "आता फिरता व्हय?"

तवर कामावरचा मुकादम आला, त्येनं पानं बघितली. मुकादम म्हनला, साताऱ्याचा कारागीर येतोय, खोली त्येला. धुळादानं पाय धरलं, फुकट परत घडवतो म्हनला. पर छाटल्याला दगड जोडतोय कोन? धुळादाच्या हातात दुसरा दगड द्यायची मुकादमाची तयारी न्हवती.

मुकादमानं मला ऱ्हा म्हनलं. मी पाटी त्येच्या पायापाशी आपटली.

स्टँडवर गेलो तर हरणाबाई एस्टीतनं उतरत हुती, एक हात पोटावर.

"आवं, खोली कुटं हाय?"

धुळादानं तिच्या हातातलं बोचकं घेतलं. मग माझ्याकडं बघून म्हनला, "हीच गाडी माघारी जाती का, इचार रं."